मुंग्यांशी तह

बागेत मुंगी चावली की माणूस आधी पाय झटकतो, मग मुंगीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि लगेच घरात जाऊन पावडरीचा डबा घेऊन येतो. या तिन्ही कृतींत विचाराला कुठे शिरकाव नसतो. गंमत म्हणजे याच माणसाने सकाळी कुंपणाकडेच्या बिळापाशी चिमूटभर कणीक आणि साखर ठेवलेली असते, कारण मुंग्यांना खाऊ घालणं पुण्याचं काम. साखरेची बरणी आणि विषाची पावडर एकाच घरात, पुष्कळदा एकाच फळीवर. सकाळी अन्नदान, संध्याकाळी कत्तल, आणि दोन्हींचे लाभार्थी तेच. मुंग्यांकडे इतिहास लिहायची पद्धत असती, तर या यजमानाबद्दल त्यांनी काय लिहिलं असतं हा प्रश्नच आहे. पण तो राहू दे. मुद्दा एवढाच की कोकणातल्या चौलसारख्या गावातल्या घरच्या वाडीत चावरी मुंगी सहसा आपणहून राज्य घेत नाही. आपण तिला जागा करून देतो, तिचे शत्रू हाकलून देतो आणि मग ती आली म्हणून बोंब मारतो. हा तंटा लढाईने मिटत नाही. मिटलाच तर तहाने मिटतो, आणि तह करायचा तर समोर कोण आहे हे आधी माहीत हवं.

इथेच पहिली अडचण येते. कारण चावणारी प्रत्येक मुंगी आपल्या लेखी ‘लाल मुंगी’ असते. चावा बसला त्या क्षणी कोणी भिंग घेऊन वाकत नाही हे मान्य, पण पाय धुऊन झाल्यावर तरी पाहायला हरकत नाही. चौलच्या वाडीत निदान तीन वेगवेगळ्या मंडळींना हे एकच नाव चिकटलेलं असतं. आंब्यावर, चिकूवर, फणसावर हिरवी पानं जोडून चेंडूएवढी घरं बांधणारे लांब पायांचे तांबडे मुंगळे ही पहिली मंडळी. दक्षिण कोकणात यांना हुमले म्हणतात. यांना नांगी नाही. ते जबड्याने कडकडून धरतात आणि त्या जखमेवर मागून आम्ल उडवतात, म्हणजे मीठ चोळण्याची क्रिया ते आपल्याआपण पूर्ण करतात. दुसरी मंडळी झाडाच्या सालीवर एकट्यादुकट्या फिरणारी, सडपातळ, काळ्या डोक्याची आणि तांबड्या छातीची. हिच्या शेपटाशी खरोखरची नांगी असते आणि तिचा हिसका गांधीलमाशीची आठवण करून देतो. पण ती गर्दी करत नाही. तिसरी मंडळी जमिनीतली. भुसभुशीत मातीचा लहानसा ढीग, त्यावर चुकून पाय पडला की घोट्यापर्यंत पलटण चढते आणि मग जणू कोणीतरी हुकूम दिल्यासारख्या सगळ्या एकदम डसतात. ही जबड्याने कातडी पकडते, पाठ वाकवून नांगी खुपसते आणि जागा बदलून पुन्हा खुपसते. आग होते, गांध उठते, कधी पुळी येते. परसात भाजी लावणाऱ्याचं खरं भांडण असतं ते या तिसरीशी. शिक्षा मात्र पहिलीला होते, कारण तिचं घर नजरेसमोर लोंबत असतं आणि काठीला पोचतं.

ही जमिनीतली चावरी मुंगी, शास्त्रज्ञ जिला सोलेनॉप्सिस जेमिनाटा म्हणतात, मुळात इथली नव्हेच. तिचं माहेर उष्ण कटिबंधातली अमेरिका. सोळाव्या शतकात स्पेनची गलबतं मेक्सिकोच्या अकापुल्कोहून फिलिपाइन्सच्या मनिलाला चांदी नेत, आणि तोल सांभाळायला जहाजांच्या तळाशी माती-दगड भरलेले असत. त्या मातीतून ही मुंगी पॅसिफिक ओलांडून आशियात आली, असं तिच्या जनुकांच्या अभ्यासातून दिसतं. म्हणजे तिने जगप्रवास केला तो माणसाच्या खर्चाने आणि विनातिकीट. हे कळलं की ‘बाहेरची आहे, हाकला’ ही मागणी लगेच जोर धरते. पण चौलमध्ये बसून ही मागणी करताना जरा जपून बोलावं. टॉलेमीच्या भूगोलात ज्याचं नाव सापडतं, अरब प्रवासी ज्याला सैमूर म्हणत, ज्याच्या खाडीतून दोन हजार वर्षं घोडे, रेशीम आणि माणसं आत-बाहेर गेली, त्या बंदराच्या वाडीत मूळचं कोण आणि उपरं कोण हे ठरवायला बसलो तर जेवणाचं ताट रिकामं होईल. मिरची, पेरू, काजू, अननस, पपई, सीताफळ ही सगळी त्याच दिशेने, बरीचशी पोर्तुगिजांच्या हातून आलेली. त्यांच्याकडे कोणी कागदपत्रं मागत नाही. पेरू गोड म्हणून आपला आणि मुंगी चावते म्हणून परकी, असा आपला नागरिकत्वाचा कायदा आहे. तेव्हा ती कुठून आली हा मुद्दा बाजूला ठेवावा. ती इथे टिकली कशी हा खरा प्रश्न.

ती टिकते उघड्या, उन्हाच्या आणि माणसाने उकरलेल्या जमिनीत. दाट सावली आणि पाल्याचा जाड थर तिला मानवत नाही. आता चौलची जुनी वाडी कशी असते ते पाहा. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळींच्या अंगावर मिरवेल, मध्ये केळी, खाली अळू आणि हळद, विहिरीवरून निघालेले पाण्याचे पाट, आणि जमिनीवर सुपारीच्या विऱ्या नि झावळ्यांचा कुजणारा थर. दुपारी बारालाही तिथे उन्हाचे कवडसेच पडतात. अशा जमिनीवर देशी मुंग्यांच्या कित्येक जाती एकमेकींना जागा न देता नांदत असतात, आणि बाहेरून आलेल्या राणीने बीळ खणायला घेतलं तर पहिल्याच दिवशी तिचा निकाल लागण्याची शक्यता मोठी. आता याच्या शेजारी शनिवार-रविवारचा बंगला बघा. 2020 सालच्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला उतरायची सोय झाली, आणि मुंबईकराच्या मनातली बाग रो-रो बोटीच्या पोटात बसून अलिबाग तालुक्यात आली. या बागेचा आत्मा म्हणजे लॉन. त्यासाठी आधी ‘जंगल’ साफ केलं जातं, म्हणजे जिच्या सावलीत बसायला माणूस मुंबई सोडून येतो ती सावली पाडली जाते. मग कुठल्याशा नर्सरीतून मातीसकट गवताच्या लाद्या येतात, आणि त्या मातीत आणखी कोण कोण आलं याची पावती मिळत नाही. उघडं ऊन, रोजचं पाणी, मऊ माती, स्पर्धक कोणी नाही. चावऱ्या मुंगीला स्वतःचा वास्तुविशारद नेमायची मुभा असती तर तिने याहून वेगळा नकाशा मागितला नसता.

सगळं खापर बंगलेवाल्यांवर फोडणंही बरोबर नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि त्याने रायगडच्या वाड्यांमध्ये माड-पोफळी अक्षरशः आडव्या केल्या. पिढ्यान् पिढ्या जिथे ऊन पडलं नव्हतं तिथे ते एका दुपारी जमिनीला टेकलं. पोफळ पुन्हा फळाला यायला बरीच वर्षं लागतात. चावऱ्या मुंगीला वसाहत करायला तेवढा धीर धरावा लागत नाही. पण वादळ ही आपत्ती होती. लॉन आपण हौसेने आणि पैसे मोजून करतो. शिवाय गावातल्या घरांतही एक शहरी सवय शिरली आहे: अंगण, परस, झाडाचं आळं सगळं झाडून चकचकीत करायचं, पाला म्हणजे कचरा समजून जाळायचा. पाला जाळला की त्याखाली राहणाऱ्या देशी मुंग्या, कोळी, गोम, बेडूक या सगळ्यांचं बिऱ्हाड उठतं. स्वच्छता होते आणि मैदान मोकळं होतं. कोणासाठी, ते पुढच्या महिन्यात पायाला कळतं.

यावर पावडरवाल्यांचं म्हणणं साधं असतं: तत्त्वज्ञान नको, औषध मारा. हा उपाय फार मोठ्या प्रमाणावर करून झाला आहे आणि त्याचा निकाल उपलब्ध आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात या मुंगीची एक बहीण, सोलेनॉप्सिस इनव्हिक्टा, 1930 च्या दशकात मोबिल बंदरातून शिरली. पुन्हा बंदरच. 1957 साली तिथल्या सरकारने तिला समूळ नष्ट करण्याची मोहीम उघडली आणि लाखो एकरांवर विमानातून हेप्टाक्लोर आणि डायल्ड्रिन टाकलं. पक्षी मेले, गुरं मेली, रेचल कार्सन यांना ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये लिहायला भरपूर मजकूर मिळाला. पुढे मायरेक्स नावाचं आमिष आलं, तेही सत्तरीच्या दशकात बंद करावं लागलं. मुंग्यांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या ई. ओ. विल्सन यांनी या सगळ्या प्रकाराला कीटकशास्त्राचं व्हिएतनाम म्हटलं. कारण सरळ होतं. विष पडल्यावर चावऱ्या मुंग्यांबरोबर देशी मुंग्याही मेल्या, आणि रिकाम्या झालेल्या जमिनीवर परत सर्वांत आधी कोण आलं? रिकामी, विसकटलेली जमीन हीच जिची खासियत, ती. म्हणजे शत्रूसाठी मैदान साफ करून देण्याचं काम सरकारी खर्चाने झालं. आपल्याकडे विमानं नव्हती, पण गॅमॅक्सिनचा डबा होता. कोठाराच्या कोपऱ्यापासून अळवाच्या वाफ्यापर्यंत कित्येक घरांत तो बिनदिक्कत भुरभुरला गेला. त्यातलं बीएचसी 1997 साली देशात बंद झालं. मुंग्या चालू आहेत.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार असा: ‘घरात लहान पोरं आहेत, म्हातारी माणसं अनवाणी तुळशीपाशी जातात, त्यांनी काय तुमचा तह वाचत बसायचं?’ हे अगदी खरं आहे. काही माणसांना अशा दंशाची जबर ॲलर्जी असते, अंगभर गांधी उठतात, श्वास लागतो, आणि तेव्हा मुंगीच्या बाजूने युक्तिवाद न करता दवाखाना गाठावा. तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी किंवा झोपाळ्याखाली वसाहत झाली असेल तर ती काढलीच पाहिजे. तह म्हणजे शरणागती नव्हे. पण काढायची कशी, यातच सगळं शहाणपण आहे. पावडर भुरभुरली की मरतात त्या वर फिरणाऱ्या कामकरी मुंग्या, म्हणजे वसाहतीतल्या वयस्कर बाया. मुंग्यांमध्ये धोक्याचं बाहेरचं काम म्हाताऱ्यांकडे असतं आणि तरुण मंडळी घरात बाळं सांभाळतात; आपल्याकडच्या कित्येक घरांत हे उलट आहे. राणी खोल आत सुखरूप असते आणि मेलेल्यांची भरपाई ती काही आठवड्यांत करते. कढत पाणी ओतणं हा जुना उपाय लहान वसाहतीवर चालतो, पण पाणी राणीपर्यंत पोचायला हवं, आणि ते ओतताना शेजारच्या मोगऱ्याची मुळं शिजू नयेत.

राणीपर्यंत पोचायचा खात्रीचा रस्ता एकच, तो म्हणजे तिच्याच लोकांच्या तोंडातून. या बाबतीत चौलचा इतिहास कुठल्याही पुस्तिकेपेक्षा उपयोगी पडतो. 1570-71 मध्ये मुर्तझा निजामशहाने इथल्या पोर्तुगीज ठाण्याला प्रचंड फौजेनिशी वेढा घातला. आत माणसं मोजकी, बाहेर समुद्रासारखं सैन्य. महिनोन् महिने तोफा चालल्या, ठाणं पडलं नाही, शेवटी तह झाला. का पडलं नाही याचं एक कारण फिरिश्ता हा इतिहासकार देतो: निजामशाहीतले सरदारच आतून फुटले होते, पोर्तुगिजांनी त्यांना नजराणे आणि विशेषतः दारू पोचवली, आणि मग रसद ठाण्यात बिनबोभाट जात राहिली. तोफांना जे जमत नाही ते गोड पेयाला जमतं. मुंग्यांचं आमिष याच तत्त्वावर चालतं. साखरेच्या पाण्यात अगदी थोडं बोरिक आम्ल, तेच जे कॅरमबोर्डवर टाकतात, शंभर मिलिलीटरला सुमारे एक ग्रॅम. प्रमाण कमी ठेवण्यात सगळी मेख आहे. जास्त घातलं तर मुंगी वाटेतच मरते आणि लाच आतपर्यंत पोचत नाही. कमी घातलं तर ती ते पोटात घेऊन घरी जाते, तोंडातोंडी वाटते आणि हळूहळू ते राणीच्या मुखी लागतं. मोठ्या मुंगीला घन पदार्थ गिळता येत नाही, ती पातळच घेते; घन घास अळ्यांना भरवला जातो. म्हणून आमिष द्यायचं तर आधी आवड पाहावी. चावरीला गोडापेक्षा तेलकट आणि मांसाहारी जास्त रुचतं. शेंगदाण्याचा कूट एकीकडे, साखर दुसरीकडे, आणि चौलमध्ये आहोत तर तिसरीकडे दोन सुकटी ठेवून कुठे रांग लागते ते बघावं. मात्र आमिष झाकणाच्या डबीत, बारीक भोक पाडून, पोरांच्या आणि मांजराच्या हाताबाहेर ठेवावं. आणि डबीवर रांग लागली की आनंदाने रांगेवरच पावडर मारू नये. हे सांगावं लागतं, कारण तो मोह आवरत नाही.

दुसरा आक्षेप बागेतल्या जाणत्यांचा असतो: ‘मुंग्या मावा आणि पिठ्या ढेकूण पाळतात. जास्वंदीच्या प्रत्येक कळीवर त्या बसलेल्या असतात. यांच्याशी तह करायचा?’ हाही आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषतो आणि जास्तीचं गोड पाणी मागून सोडतो. मुंगी ते चाटते आणि त्या बदल्यात त्याला ढालकिड्यांपासून वाचवते. हा खंडणीचा जुना धंदा आहे, आणि त्यात तांबडे मुंगळेही सामील असतात. तरीही हिशोब पूर्ण मांडायला हवा. तेच मुंगळे आंब्या-काजूवर फळमाशी, ढेकण्या, पानं खाणाऱ्या अळ्या यांना टिकू देत नाहीत. काजूवरच्या ढेकण्याविरुद्ध आणि आंब्यावरच्या फळमाशीविरुद्ध त्यांचा उपयोग होतो, हे भारतात, ऑस्ट्रेलियात आणि पश्चिम आफ्रिकेत झालेल्या प्रयोगांतून दिसलं आहे. चीनमध्ये तर इ.स. 304 च्या सुमाराच्या मानल्या जाणाऱ्या एका ग्रंथात या मुंगळ्यांची घरं पिशवीत भरून बाजारात विकल्याची नोंद आहे; संत्र्याच्या झाडावर ती टांगली नाहीत तर फळं किडकी निघत. म्हणजे आपण काठीने पाडतो ती वस्तू तिथले लोक सतराशे वर्षांपूर्वी पैसे देऊन आणत होते. ओडिशातल्या मयूरभंजमध्ये तर त्यांची चटणी होते आणि तिला 2024 च्या जानेवारीत भौगोलिक मानांकनही मिळालं. चौलच्या पानात ती चटणी यावी असा आग्रह नाही. पण ज्यांच्या चटणीला एका जिल्ह्यात मानांकन आहे त्यांना दुसऱ्या जिल्ह्यात निदान फाशी नसावी. जास्वंदीवर उपाय हवा तर ढेकणांची पांढरी पुटं पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावीत, किडलेला शेंडा छाटावा आणि भिंतीला किंवा आंब्याला टेकलेली फांदी तोडावी. गुरं संपली की गुराखी आपोआप गाव सोडतो.

तिसरा आक्षेप झाडावर चढणाऱ्याचा, आणि तो कोणी विचारत नाही कारण तो खाली उभा नसतो. वाडीमालकाला मुंगळ्यांचे फायदे कळायला काही जात नाही. चावे ज्याला बसतात तो वेगळा. आंबे उतरवताना मानेवर घरटं फुटलं की जैविक कीडनियंत्रणावरची श्रद्धा उडते, आणि पोफळीच्या शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर झोका घेणाऱ्या माणसाला खाजवायला हात मोकळा नसतो. याला उत्तर आहे ते असं की हातापायांना चुलीतली कोरडी राख चोळली तर मुंगळ्यांचे पाय घसरतात आणि चढाई बरीच सुसह्य होते, ज्या फांद्यांवर फळ नाही तिथलीच घरटी ठेवावीत, आणि मजुरी ठरवताना मुंगळ्यांचा भत्ता वेगळा धरावा. शेवटच्या सूचनेला वाडीमालकांचा पाठिंबा मिळेल अशी चिन्हं नाहीत.

चौथा आक्षेप असा की मुंगी राहू द्या, नारळाच्या शेंड्यात जो भुंगा बसलाय त्याच्याशीही तहच करायचा का? नाही. गेंड्या भुंग्यापुढे कुठलाही मुंगळा चालत नाही. शिंग असलेला हा काळा पैलवान माडाच्या कोवळ्या शेंड्यात शिरतो, न उलगडलेलं पान खातो, आणि ते पान उलगडलं की कोणी कात्रीने त्रिकोण कापल्यासारखं दिसतं. त्याने केलेल्या जखमेतून मग सोंड्या भुंगा आत जातो, आणि तो मात्र माड घेऊनच जातो. इथे तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढणं, पानांच्या बेचक्यांत वाळू भरणं, गंधसापळे लावणं हे सगळं करायलाच हवं. पण हा पैलवान तालमीला कुठे असतो? आपल्याच शेणखताच्या खड्ड्यात. त्याची पांढरी लठ्ठ अळी महिनोन् महिने कुजलेल्या खतात आणि पडलेल्या माडांच्या खोडांत वाढते. निसर्ग वादळानंतर ‘उचलू कधीतरी’ म्हणून जी खोडं पडून राहिली ती त्याची वसतिगृहं झाली. पाला राहू द्या असं वर म्हटलं आहे, आणि कोणी चाणाक्ष वाचक इथे विसंगती पकडेल. पातळ पसरलेला पाला आणि खोल कुजणारा ढीग यात भुंग्याच्या दृष्टीने फार फरक आहे. पहिल्यात त्याची अळी वाढत नाही, दुसऱ्यात गुटगुटीत होते. खत उपसून उलथंपालथं करावं, अळ्या वेचून कोंबड्यांपुढे टाकाव्यात. कोंबड्यांचं या तहाबद्दलचं मत अत्यंत अनुकूल आहे.

मात्र फवारणीविरुद्धचा सगळ्यात मजेशीर पुरावा पांढऱ्या माशीचा. 2016 साली तमिळनाडूत पोल्लाचीजवळ माडांवर रूगोज चक्राकार पांढरी माशी प्रथम दिसली आणि पुढे किनारपट्टीने कोकणातही आली. पानांच्या खाली पांढरी वर्तुळं, खालच्या केळीवर चिकट पाणी, त्यावर काळी बुरशी. वाडी काजळ फासल्यासारखी दिसते, आणि अशा दृश्यापुढे हात स्वस्थ बसत नाहीत. पण या माशीच्या मागोमाग एक इवलीशी परजीवी गांधीलमाशी, एन्कार्सिया, कोणी बोलावलं नसताना आली होती आणि माशीच्या पिल्लांत अंडी घालून तिचा बंदोबस्त करत होती. म्हणून भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांचा सल्ला काय, तर रासायनिक फवारणी करू नका, पाण्याने धुवा आणि थांबा. काहीही न करण्याचा एवढा अधिकृत सल्ला क्वचितच मिळतो. पपईवरच्या पिठ्या ढेकणाबाबतही असंच झालं. तो 2008 मध्ये भारतात आढळला, आणि 2010 मध्ये पोर्तो रिकोहून त्याच्या शत्रूला मुद्दाम विमानाने आणून सोडल्यावर आटोक्यात आला. चोर जहाजाने आला असेल तर शिपाई विमानाने आणावा लागतो. मात्र तो उतरेपर्यंत आपण गावभर फवारणी केलेली नसावी, नाहीतर आधी शिपाईच मरतो.

कोणी म्हणेल, घरगुती निरुपद्रवी उपाय तरी बिनधास्त करावेत ना, हळद, दालचिनी, सुवासिक तेलं? करावेत, पण वासाच्या बाबतीत जपून. बिहारमधल्या पुसा इथल्या शेतकी संस्थेत हॉवलेट नावाचे कीटकतज्ज्ञ होते. त्यांच्या एका शेजाऱ्याने डासांपासून बचाव म्हणून सिट्रोनेलाचं तेल वापरायला घेतलं, आणि डास राहिले बाजूला, फळमाश्यांचे थवे त्याच्याकडे धावून आले. हॉवलेटनी पाहिलं तर सगळे नर. 1912 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि पुढे त्यातला मिथाइल युजेनॉल हा घटक ओळखला. त्याच घटकावर आज आंबा बागायतीतले फळमाशीचे सापळे चालतात, कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळाही त्यातलाच. हाच घटक तुळशीतही असतो. तेव्हा वृंदावनापाशी घुटमळणाऱ्या माश्या दिसल्या तर त्यांना भाविक समजू नये.

इतकं सगळं जमलं, सावली राखली, पाला ठेवला, डबीतली लाच नेमक्या बिळाशी पोचवली, खत उलथलं, तरी एक पक्ष उरतोच, आणि त्याच्याशी तह करणं मुंगीपेक्षा कितीतरी अवघड आहे. तो म्हणजे शेजारी. तांबड्या मुंगळ्यांची एक वसाहत अनेक झाडांवर पसरलेली असते आणि तिला सातबाराचा उतारा वाचता येत नाही. तुमच्या आंब्यावरची राणी बांधापलीकडच्या फणसावर वसाहत वाढवत असेल आणि पलीकडे पावडरीचा डबा तयार असेल, तर तुमचा तह तिथेच मोडला. गेंड्या भुंगा तर रात्री उडतो. तुमचा खतखड्डा कितीही आरशासारखा ठेवलात, तरी बांधाला लागून असलेल्या उकिरड्यातून तो दिवेलागणीला सरळ तुमच्या माडावर येतो. अशा वेळी शेजाऱ्याकडे जाऊन ‘तुमच्या उकिरड्यात माझा भुंगा वाढतोय’ असं म्हणावं लागतं, आणि कोकणात बांधावरून सुरू झालेलं संभाषण कुठे जाऊन थांबतं हे अलिबागच्या कोर्टातल्या तारखांना विचारावं. त्यातल्या त्यात सोपा मार्ग म्हणजे दोन नारळ घेऊन जाणं, उकिरड्याचा विषय न काढणं, आणि निघताना सहज विचारणं की कोंबड्या फार झाल्यात, चार दिवस तुमच्याकडे सोडू का.